लँड पोर्टला मिळालेला सरकारी पैसा कसा शोधायचा

लँड पोर्ट म्हणजे माल आणि माणसं सीमा ओलांडतात ते नाके. अटारी (पाकिस्तान सीमा) किंवा पेट्रापोल (बांगलादेश सीमा) अशा नाक्यांसाठी सरकार पैसा देतं, पण तो गेला कुठे हे बघायचं तर सुरुवात बजेटपासून करा. हे नाके चालवतं भारतीय भूमी पत्तन प्राधिकरण, २०१२ पासून, आणि ते येतं गृह मंत्रालयाखाली, त्यामुळे रस्ते किंवा व्यापार खात्याच्या कागदांत शोधत बसू नका, गृहच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्याला कशासाठी किती पैसा हवा ते सांगणारे बजेटचे कागद, उघडा.

तिथे एकाच ओळीत मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, यंदाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. बातमीत येतो तो सुरुवातीचा अंदाज, पण माझ्या मते खरी गोष्ट सुधारित आकडाच सांगतो, तो घसरला असेल तर काम कुठेतरी अडकलंय असं समजून पुढे चौकशी करा.

एक गफलत खूप जण करतात. २०२२ ची १३,०२० कोटींची सीमा योजना आहे ना, ती कुंपण, फ्लडलाइट, रस्ते, चौक्या यांची, ते सगळे पैसे नाक्याच्या खात्यात धरू नका.

मग माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. "सुधारणा कधी होणार" असं मोघम विचारू नका, नाक्याचं नाव घालून वजनकाटा, स्कॅनर, कोल्ड स्टोरेज, ड्रायव्हरांसाठी शौचालय, प्रत्येकासाठी मंजूर किती, खर्च किती आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत मागा. शौचालयाचं नक्की विचारा, रांगेत दिवसेंदिवस ट्रकमध्ये बसणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी तेच लागतं.