सॅक्स-कोबर्ग-गोथाचा इतिहास वाचताना आधी वाटण्या पाहाव्यात

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला पूर्वी व्हिक्टोरिया राणीबरोबर ज्या आल्बर्टचे नाव होते, तो सॅक्स-कोबर्ग-गोथा या छोट्या जर्मन डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा, राजपुत्र. या डचीचा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण त्याच्या लग्नापासून सुरुवात करतात आणि लवकरच सारख्या नावांच्या गुंत्यात सापडतात. माझा आग्रह असा की, लग्ने नंतर पाहावीत आणि वाटण्या आधी.

कोऱ्या कागदावर सर्वांत वर 1485 हे वर्ष लिहावे. त्या वर्षी लाइपझिगच्या वाटणीने वेटिन घराण्यात, म्हणजे या डचीच्या ड्यूकांच्या मूळ घराण्यात, अर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या भावांच्या दोन शाखा झाल्या. 1547 साली म्यूलबर्गच्या लढाईतील पराभवानंतर अर्न्स्टच्या शाखेचे इलेक्टरपद, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा मान, गेले आणि उरलेला मुलूख पिढ्यान्‌पिढ्या मुलांमध्ये वाटला जाऊ लागला. सर्व काही थोरल्याला, हा नियम येथे उशिरा रुजला, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. गोथाचा धर्मनिष्ठ म्हणून ओळखला जाणारा ड्यूक अर्न्स्ट 1675 साली वारला आणि 1680 साली त्याच्या सात मुलांनी राज्य वाटून घेतले. गोथा, कोबर्ग, माइनिंगन, रोमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड असे सात रकाने आखावेत आणि शाखा निर्वंश झाली की तिचा मुलूख कोणाकडे गेला ते बाणाने दाखवावे. कोबर्ग, आयझेनबर्ग आणि रोमहिल्ड या शाखा तर पहिल्याच पिढीत संपल्या. पुढे 1735 साली कोबर्ग झालफेल्डकरांकडे आले.

सर्वाधिक चुका होतात त्या 1826 च्या फेरवाटणीपाशी. गोथाची शाखा आदल्या वर्षी संपली होती. कोबर्ग-झालफेल्डच्या ड्यूकने झालफेल्ड माइनिंगनला दिले आणि गोथा घेतले. त्यामुळे काल जो ‘अर्न्स्ट तिसरा’ होता, तोच नव्या राज्यात ‘अर्न्स्ट पहिला’ झाला. म्हणून टिपण करताना नुसता क्रमांक कधीही लिहू नये. शेजारी राज्याचे नाव आणि कारकिर्दीची वर्षे लिहावीत.

यानंतर सुट्या कागदावर बाहेरची नाती मांडावीत: 1831 साली बेल्जियमचा राजा झालेला अर्न्स्ट पहिल्याचा भाऊ लिओपोल्ड आणि 1840 साली व्हिक्टोरियाशी विवाह केलेला त्याचा मुलगा आल्बर्ट. डचीच्या इतिहासात या विवाहाला महत्त्व आहे ते वारसाहक्कामुळे. 1893 साली आल्बर्टचा थोरला भाऊ ड्यूक अर्न्स्ट दुसरा निपुत्रिक वारला, तेव्हा गादी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड याला आणि 1900 साली तिचा नातू कार्ल एडुआर्ड याला मिळाली.

कोबर्ग आणि गोथा यांची हद्द एकमेकींना लागून नव्हती, हेही नकाशात पाहून घ्यावे. 1918 साली राजवट संपल्यावर कोबर्गच्या लोकांनी 30 नोव्हेंबर 1919 रोजी थुरिंगियात जाण्याच्या विरोधात कौल दिला आणि 1 जुलै 1920 रोजी कोबर्ग बव्हेरियात गेले. गोथा मात्र थुरिंगियात राहिले. त्यामुळे मूळ कागदपत्रे शोधताना दोन्ही राज्यांच्या अभिलेखागारांकडे स्वतंत्रपणे विचारणा करावी लागते.