सुपरहिरोची पाठ झालेली गोष्ट ॲनिमेशनमधून ताजी कशी करावी

शक्ती मिळते, जवळचे माणूस गमावते आणि जबाबदारी अंगावर येते, हा सुपरहिरोपटाचा सांगाडा प्रेक्षकाला पाठ असतो. ॲनिमेशन करणाऱ्याने तो मोडण्याच्या खटाटोपात पडू नये. पात्राची मनःस्थिती काय आहे, यावरून चित्र कसे हलेल आणि कसे रंगेल, हे ठरवावे. २०१८ सालचा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ यासाठी बारकाईने पाहावा.

सुरुवात फ्रेमच्या हिशेबापासून करावी. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, धावतात. प्रत्येक फ्रेमला नवी पोझ दिली, म्हणजे ‘ऑन वन्स’ काम केले, की हालचाल सलग वाटते. तीच पोझ दोन फ्रेम धरली, म्हणजे ‘ऑन टूज’ केले, की सेकंदाला १२ पोझ उरतात आणि हालचाल किंचित अडखळते. या चित्रपटातल्या जंगलातल्या पाठलागात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर ‘ऑन वन्स’ झोके घेतो आणि नुकताच स्पायडर-मॅन झालेला नवखा माइल्स त्याच्या शेजारी ‘ऑन टूज’ धडपडतो, त्यामुळे त्याचा कच्चेपणा एकही संवाद न लिहिता कळतो. आपल्या नायकालाही असा वेग नेमून द्यावा आणि तो कोणत्या प्रसंगी बदलेल, हे स्टोरीबोर्डवरच, म्हणजे प्रसंगांच्या कच्च्या चित्रमालिकेवरच, लिहून ठेवावे.

त्यानंतर संगणकाने आयते दिलेले परिणाम तपासावेत. या चित्रपटात नेहमीचा मोशन ब्लर, म्हणजे वेगाने हलणाऱ्या वस्तूचा धूसरपणा, टाळला आहे, आणि दूरच्या वस्तू धूसर करण्याऐवजी जुन्या कॉमिक्सच्या छपाईत रंगांचे थर सरकत तसे ते सरकवले आहेत. छपाईचे ठिपकेही तिथूनच आले. मात्र ठिपके उचलणे सोपे असल्यामुळे अनुकरण करणारे बहुधा तेवढ्यावरच थांबतात.

२०२३ च्या पुढच्या भागात ग्वेन या दुसऱ्या विश्वातल्या स्पायडर-वुमनच्या घराच्या भिंती जलरंगासारख्या ओघळतात आणि बाप-लेकीतला ताण जसा बदलतो तसे त्यांचे रंगही बदलतात. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून उभ्या केलेल्या मुंबॅटन या काल्पनिक शहराला मात्र भारतीय कॉमिक्सचे, विशेषतः इंद्रजाल कॉमिक्सचे वळण दिले आहे. इंद्रजालच्या मराठी आवृत्त्याही निघत, तेव्हा तो साठा आपल्या हाताशी आहे. शैली शोधायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही.

पूर्ण काम हाती घेण्यापूर्वी दहा सेकंदांचा एक प्रसंग करून पाहावा आणि तो आवाज बंद करून एखाद्या अनभिज्ञ माणसाला दाखवावा. कोण घाबरलेले आहे, हे त्याला ओळखता आले नाही, तर रंगांना हात लावण्याआधी पोझ आणि वेग पुन्हा ठरवावेत.