मागावरचा दिवा: गाठ कुठे मारायची, कुठे नाही

धागा तुटला की गाठ मारून माग सुरू करायचा, हा हात आम्हा सोलापूरकडच्या माग चालवणाऱ्यांना लहानपणीच बसतो. त्याच हातानं मी एकदा वायर जोडली. दोन तुकडे पिळले, टेप गुंडाळली, मागावर बल्ब टांगला. चार महिन्यांनी बघतो तर टेप वितळून चिकट झालेली, वर कापसाचा तूस बसलेला. हादऱ्यानं पीळ सैल झाला होता आणि सैल जागा तापत होती. पेटलं नाही हे नशीब.

आता प्लगपासून होल्डरपर्यंत वायर अखंड. कमी पडली तर नवी आणायची.

दुकानात आयएसआय मार्कची, 0.75 चौरस मिलिमीटरची तीन तारांची गोल वायर मागा. दिव्याला ती भरपूर होते. पण सूत गुंडाळायच्या कांडी मशीनची मोटर तिच्यावर लावायची नाही. बल्ब 9 वॅटचा एलईडी. जुना 100 वॅटचा बल्ब इतका तापतो की तुसाजवळ नकोच.

काम करताना प्लग नुसता काढून भागत नाही, तो डोळ्यांसमोर मांडीवर ठेवा. घरातलं पोर कधी तो बोर्डात घालेल सांगता येत नाही.

होल्डरचं टोपण आधी वायरमध्ये ओवा. मी अजूनही विसरतो आणि सगळं पुन्हा उसवतो. मग टोपणाच्या आत फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन तारांची एक गाठ मारा. इथं मात्र गाठ हवीच, कारण वायर ओढली गेली तर ताण स्क्रूवर न येता गाठीवर येतो. तारेची टोकं बोटाच्या नखाएवढी सोला, दातानं नव्हे. बारीक तारा पिळून स्क्रू ज्या दिशेनं आवळतो त्या दिशेनं गुंडाळा. एकही केस बाहेर राहता कामा नये.

तपकिरी किंवा लाल म्हणजे फेज, निळी किंवा काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मध्ये बटण बसवलंत तर ते फेजवरच. न्यूट्रल तोडली तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो. आट्यांचा होल्डर असेल तर फेज मधल्या टिकलीला. प्लगमध्ये एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थिंग) लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे जोडा. हिरवी तार जरा लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती शेवटी सुटेल. तिचं दुसरं टोक बल्बवरच्या पत्र्याच्या छत्रीला, म्हणजे शेडला, रंग खरवडून, स्क्रूनं.

प्लग बोर्डाबाहेरच ठेवून, बल्ब न लावता, तार जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर मल्टीमीटर ठेवून बघा: प्लगची मोठी पिन आणि शेड यांच्यात आवाज यायला हवा, बाकी दोन पिनांमध्ये नको. बोर्डाच्या भोकात खरंच अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तोही त्याच फेरीत बसवून घ्या.

दिवा वायरवर नाही, आढ्याच्या हुकाला साखळीनं टांगा. खंडेनवमीला माग पुसतो तेव्हा प्लग काढून मी होल्डरही उघडतो. दरवर्षी एखादा स्क्रू अर्धा आटा ढिला सापडतोच.