पायथनच्या स्क्रिप्टने फोल्डरमधले फोल्डर पुसण्याआधी

बॅकअप घ्यावा आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. याहून अधिक सांगायला नको. पुसायचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, व्हेरिएबलमधून येत असेल तर तो रिकामा नाही याची खात्री करावी, कारण पाथचे भाग जोडणाऱ्या ओएस.पाथ.जॉइनला दुसरा भाग रिकामा मिळाला की ते कुरकुर न करता मूळ फोल्डरच परत देते, आणि लिनक्सवर दुसरा भाग स्लॅशने सुरू झाला तर पहिला सरळ टाकून देते.

आता सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फाइलीकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नुसती खूण. आत एकही लिंक नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्यानेही ती शोधावीच. पाथ फोल्डरचा आहे का हे सांगणारे ओएस.पाथ.इझडिर लिंकच्या पलीकडे पाहते: ‘जुने’ या फोल्डरमधली ‘फोटो’ नावाची लिंक दुसऱ्या डिस्कवरच्या खऱ्या संग्रहाकडे जात असेल, तर इझडिर ‘ट्रू’ म्हणते, हाताने लिहिलेले रिकर्सिव्ह फंक्शन (प्रत्येक आतल्या फोल्डरसाठी स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) आत शिरते, तिथल्या फाइली एकेक करून पुसते आणि अखेरीस फोल्डर काढणारे आरएमडिर लिंकपाशी अडते, तेव्हा कुठे पहिली एरर दिसते. संग्रह तोवर गेलेला असतो, आणि रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही. म्हणून पाथ लिंक आहे का हे सांगणाऱ्या इझलिंकची तपासणी इझडिरच्या आधी करावी. नंतर नव्हे, आधी. लिंक आढळल्यास ती अनलिंक करावी, म्हणजे लिंक तेवढी काढावी, आत जाऊ नये.

शक्यतो हाताने लिहूच नये. पायथनच्याच शटिल मॉड्यूलमधले, अख्खे फोल्डर पुसणारे आरएमट्री आतल्या सिमलिंकमध्ये शिरत नाही, लिंक तेवढी काढते, आणि दिलेला पाथच सिमलिंक निघाला तर एरर देऊन थांबते. फोल्डरांतून फिरणारे ओएस.वॉकच हवे असेल तर टॉपडाऊन फॉल्स करावे, म्हणजे ते आतल्या फोल्डरापासून बाहेर येते, कारण आरएमडिरला रिकामेच फोल्डर काढता येते. वॉकला लिंकमध्ये शिरू देणारे फॉलोलिंक्स मुळातच फॉल्स असते, त्याला हात लावू नये; मात्र फोल्डरकडे जाणारी लिंक वॉक फोल्डरांच्याच यादीत घालते, तेव्हा इझलिंक इथेही लागतेच.

पहिल्या खेपेला पुसण्याची ओळ कॉमेंट करून नुसते पाथ छापावेत, तेही लिंकमागचा खरा पत्ता देणाऱ्या रियलपाथमधून काढून, म्हणजे बाहेर जाणारी लिंक तिथेच उघडी पडते. ही यादी चाळू नये, वाचावी.

आरएमट्रीचे, एरर गिळून टाकणारे इग्नोर-एरर्स ट्रू ठेवू नये. विंडोजवर रीड-ओन्ली फाइली अडतात. त्यांची सोय आरएमट्रीच्या ऑनएक्ससीमध्ये (एरर आल्यावर चालणारे फंक्शन) करावी, पायथन ३.१२ च्या आधी ऑनएररमध्ये. उघड्या फाइली बंद कराव्यात. स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवू नये. आणि इझलिंकची ओळ खरोखर लिहिली आहे का, ते पाहूनच एंटर दाबावे.