ऑप-अँपचा ऑफसेट वाढलाय? चिप काढायच्या आधी ग्राउंड बघा

बुधवार पेठेतून ओपी०७ ही ऑप-अँप (छोटा सिग्नल मोठा करणारी चिप) आणली, गेन १०० ठेवला, इनपुट शॉर्ट केलं तरी आउटपुटला ३० मिलिव्होल्ट. म्हणजे इनपुटला ३०० मायक्रोव्होल्टचा ऑफसेट (इनपुट शून्य असूनही दिसणारं व्होल्टेज), आणि डेटाशीट म्हणते जास्तीत जास्त १५० च्या आसपास. चिप डुप्लिकेट म्हणून दोनदा बदलली, काही फरक नाही. मग सहज शेजारचं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारा स्विचिंग सप्लाय) बंद केलं आणि सर्किट दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर घेतलं, तर आउटपुट ३ मिलिव्होल्टवर आलं!

होतं काय, तर बकचं स्विचिंग १५० किलोहर्ट्झच असलं तरी त्याच्या कडा इतक्या तीक्ष्ण असतात की रिंगिंग (प्रत्येक कडेनंतरची थरथर) कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत जातं. १० सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण १०० नॅनोहेन्री, ३० मेगाहर्ट्झला जवळपास १९ ओहम, आणि तुम्ही तिला ग्राउंड म्हणताय. हा नॉइज इनपुटला पोचला की ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन डायोडसारखं वागून तो रेक्टिफाय करतं, म्हणजे त्याचं डीसी बनवतं. ओपी०७ ची बँडविड्थ मेगाहर्ट्झभरही नाही, त्यामुळे एवढ्या फ्रिक्वेन्सीला फीडबॅक काही सावरू शकत नाही, आउटपुटला नॉइज दिसतच नाही, दिसतो फक्त सरकलेला डीसी. म्हणून तर आपण फसतो.

आधी खात्री करा. दोन्ही इनपुट रेझिस्टरांची टोकं चिपजवळच्या एकाच ग्राउंड पॉइंटला जोडा आणि मीटरची काळी वायरही तिथेच लावा, म्हणजे ग्राउंड वायरमधला साधा डीसी ड्रॉप हिशोबातून जातो. मग बक चालू-बंद करून बघा, आउटपुट तरीही सरकलं तर दोषी हाच नॉइज. अजून एक खूण, सरकलेला ऑफसेट नॉइजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे फेराइट बीड (वायरमधला हाय फ्रिक्वेन्सी नॉइज अडवणारा मणी) टाकून नॉइज निम्मा झाला तर सरकणं साधारण पावपट होतं. स्कोपने बघणार असाल तर प्रोबची ती लांब मगरक्लिप काढा, स्प्रिंग लावा, नाहीतर क्लिपचाच लूप नॉइज पकडतो.

आता उपाय. पहिला म्हणजे बकचा करंट सिग्नल ग्राउंडमधून जाऊच देऊ नका, त्याचा इनपुट कपॅसिटर त्याच्या पिनला अगदी चिकटून लावा आणि पीसीबी करणार असाल तर खाली अखंड ग्राउंड प्लेन ठेवा. दुसरा, ऑप-अँपच्या पिनजवळच १ किलोओहम सिरीजमध्ये आणि १०० पिकोफॅरड ग्राउंडला, कटऑफ १.६ मेगाहर्ट्झ येतो. पण हा कपॅसिटर सर्किटच्या रेफरन्स ग्राउंडलाच जायला हवा, जवळ आहे म्हणून घाणेरड्या ग्राउंडला लावलात तर तोच नॉइज उचलून थेट पिनवर आणून देईल (मी हे केलंय, अर्धा दिवस गेला). रेझिस्टर मोठा करायचा मोहही आवरा, २ नॅनोअँप बायस करंट धरला तर १ किलोओहमवर २ मायक्रोव्होल्टच पडतात पण १०० किलोओहमवर २००, म्हणजे पुन्हा तिथेच.

आउटपुटला फिल्टर लावून किंवा कोडमध्ये हजार रीडिंगची सरासरी काढून हे जाणार नाही, कारण पुढे येतंय तेच मुळात डीसी. ट्रिम पॉट फिरवून झिरो केलंत तर बकवरचा लोड बदलला की परत सरकणार.

जेएफईटी इनपुटवाली टीएल०७२ रेक्टिफिकेशनला कमी बळी पडते हे खरं, पण तिचा स्वतःचाच ऑफसेट काही मिलिव्होल्ट, तेव्हा शंटवरचं (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरवरचं) बारीक व्होल्टेज मोजायला ती नको. नवीन चिप घेणारच असाल तर डेटाशीटमध्ये ईएमआयआरआर (असा नॉइज चिप किती दाबते त्याचं माप) दिलाय का बघा, जितके डेसिबल जास्त तितकं चांगलं.