बेसन, ढोल आणि चपला

आषाढात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि आमच्या घरातल्या चपला कमी व्हायला लागल्या. या दोन गोष्टींचा संबंध लागायला मला तीन आठवडे लागले.

बेसन, आमचा पिवळा लॅब्राडॉर, तेव्हा आठ महिन्यांचा, सव्वीस किलोंचा. सकाळी ‘बस’ म्हटलं की शहाण्यासारखा बसायचा. संध्याकाळी तोच उशीतला कापूस हॉलभर पसरायचा. सासूबाई म्हणायच्या, “लाडावलाय.” मीही ओरडायचे. मग दुधाचा हिशोब लिहिते त्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहू लागले: काय फाडलं, किती वाजता, आणि त्याआधी तासाभरात काय झालं. तुम्हीही आधी हेच करा. पावसाने सराव बुडाला त्या दोन्ही दिवशी आमच्या चपला शाबूत होत्या!

लॅब साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत पोरसवदाच. अंग आधी वाढतं, अक्कल मागून येते. याच वयात कालपर्यंत ज्याची भीती नव्हती त्यालाही बरीच पिल्लं अचानक बिचकू लागतात. बेसन ढोलाला घाबरलाच, पण उघड्या छत्रीवर आणि कव्हर घातलेल्या स्कूटरवरही भुंकला. त्यात ही जात मुळात पाण्यात पडलेली शिकार तोंडात धरून आणून देणाऱ्यांची. त्यामुळे भीती, कंटाळा, आनंद, सगळ्याला उपाय एकच: काहीतरी तोंडात धरणं.

माझी पहिली चूक म्हणजे “बघ, काही नाही” म्हणत मी त्याला पट्ट्याने ओढत पुलापर्यंत नेलं. त्याने रस्त्यात बूड टेकलं, शेपूट पोटाखाली घेतली, आणि पुढचे दोन दिवस जिना उतरेना. मग उलट केलं. आवाज ऐकू येईल, पण खाण्यात लक्ष राहील, इतकं लांब उभं राहायचं. आमचं ते अंतर दोन गल्ल्या मागे निघालं. ढोल वाजला की लगेच पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा; ढोल थांबला की पनीर बंद. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. पाच मिनिटं झाली की घरी. चार-पाच दिवस निवांत गेले तरच दहा पावलं पुढे.

झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही भीतीची लक्षणं. आणि लॅबने पनीर नाकारलं तर तुम्ही फारच जवळ आहात, मागे फिरा. तो येऊन चिकटला तर खुशाल जवळ घ्या. थोपटल्याने भीती वाढत नाही. गुरगुरला तर मात्र रागावू नका. गुरगुरणं दाबलं की सूचना न देता चावणारा कुत्रा तयार होतो.

आता चपला. पळवली की मागे धावू नका, त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. मी शांतपणे फ्रीज उघडते. तो येतो, ‘सोड’ म्हणते, चप्पल माझी, गाजर त्याचं. बाकी उपाय म्हणजे चपलांचं कपाट बंद ठेवणं, आणि तो माणसांना शिकवायला जास्त वेळ लागतो. अंगावर उड्या मारल्या की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की लाड. आमचे हे मात्र “येऊ दे गं” म्हणत महिनाभराची मेहनत एका मिठीत घालवतात.

दमवायचं म्हणून सायकलमागे पळवू नका. सांधे अजून कच्चे असतात, आणि पोरगं दमत तर नाहीच, आणखी चेकाळतं. त्यापेक्षा अर्धा तास सैल पट्ट्यावर मनसोक्त हुंगू द्या. आणि झोप! या वयात दिवसातले बरेच तास झोपेत जायला हवेत. आमचा बेसन संध्याकाळी मस्ती करायचा तेव्हा निम्म्या वेळा पेंगुळलेला असायचा.

म्हणून सराव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी तो मागच्या खोलीत जायचा. खिडक्या बंद, पंखा जोरात, रेडिओ चालू, जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत त्याचं रात्रीचं खाणं लपवलेलं. ते शोधेपर्यंत निम्मा सराव झालेला असे, मग तो घोरायचा.

मोजा किंवा फडकं गिळलं असेल तर उलटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. एकाएकी घाबरट झाला तरी दाखवा, कधी कान किंवा पाय दुखत असतो. दिवाळीच्या फटाक्यांबद्दलही आधीच विचारून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही.

विसर्जन मिरवणुकीला आम्ही पुण्यात थांबलोच नाही, भोरला माझ्या माहेरी गेलो. तिथे त्याने वहिनीची एकच चप्पल खाल्ली. परत आल्यावर चौकोनात लिहिलं: दुपारी तीन, आधी म्हशीशी ओळख.