बंद कारखान्यात कलेची जागा उभारताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या कारखान्यात पाऊल टाकलं की उंच छत, तिरक्या काचांतून उतरणारा उजेड आणि गंजलेली यंत्रं पाहून मन हरखून जातं. मग जागा ताब्यात येताच रंगाचे डबे येतात, उद्घाटनाची तारीख ठरते. पुढची बहुतेक दुखणी या घाईतूनच उपजतात.

पाहणीआधीच झाडलोट

जुन्या कारखान्यातली धूळ ही नुसती धूळ नसते. छताचे पत्रे आणि पाइपांवरची वेष्टनं ॲस्बेस्टॉसची असू शकतात, रंगात शिसं असू शकतं, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन. ॲस्बेस्टॉसचा पत्रा धड असेपर्यंत धोका कमी असतो. तो फोडला, त्याला ड्रिल मारलं किंवा त्याचा चुरा कोरड्या झाडूने झाडला की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणून स्वयंसेवकांच्या हाती झाडू देण्याआधी नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्या.

जमिनीचंही तसंच. सिएटलमध्ये कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याच्या जागी 1975 साली गॅस वर्क्स पार्क खुलं झालं. उद्यानाची रचना करणारे रिचर्ड हाग यांनी तिथले मनोरे राखले, मातीतलं प्रदूषण जिवाणूंच्या मदतीने कमी करण्याचा प्रयत्न केला. तरी जमीन शुद्ध करण्याचं काम पुढे कित्येक वर्षं करावं लागलं. इथे काय बनत होतं, तेल कुठे साठवत होते, टाकाऊ माल कुठे ओतत होते, हे जुन्या नकाशांतून आणि तिथे राबलेल्या कामगारांकडून आधी समजून घ्या.

पोपडे सुटतात, ओल हटत नाही

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. रंग दिल्यावर काही महिन्यांत पोपडे येतात, विटांवर पांढरा लोणा दिसतो. मग लोक त्यावर आणखी जाड, वॉटरप्रूफ रंग फासतात. ओल आत कोंडते आणि दुसरीकडून फुटते. आधी पाणी येतं कुठून ते शोधा. छताच्या दोन उतारांमधली पन्हळ तुंबलेली असते, नाहीतर ओल जमिनीतून चढते, नाहीतर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते.

जमिनीसाठी एक सोपी चाचणी आहे. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दिवसभर तसाच ठेवा. प्लास्टिकच्या खाली थेंब जमले किंवा जमीन काळवंडली तर ओल खालून येते. वर थेंब दिसले तर दोष हवेचा. तिथे वारा खेळता ठेवावा लागेल. विटांचं बांधकाम चुन्यातलं असेल तर सिमेंटचा गिलावा करू नका. चुना ओलीला बाहेर पडू देतो, सिमेंट तिला अडवून धरतं.

हाताशी पैसा कमी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: छत आणि पन्हळी आधी, बाकी सगळं नंतर.

बाहेर पडायला एकच वाट

यात तडजोड नकोच. 2 डिसेंबर 2016 च्या रात्री अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामात, जिथे कलाकार राहत आणि कार्यक्रम करत, आग लागून 36 माणसं गेली. पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आणि वरच्या मजल्यावरून उतरायचा एक जिना तर लाकडी पॅलेट जोडून केलेला होता. पोटमाळा, लाकडी आडोसे, लोंबत्या वायरी हे सारं ‘तात्पुरतं’ म्हणून उभं राहतं आणि तसंच राहून जातं. दोन स्वतंत्र, मोकळ्या वाटा, उजळ खुणा आणि अग्निशमन विभागाची परवानगी हे सगळं पहिल्या कार्यक्रमाच्या आधी.

जागा इतकी चकाचक की ओळखच पुसली

विटा स्वच्छ करायला वाळूचा मारा करतात. त्यात विटेची भाजलेली कठीण साल निघून जाते आणि आतला मऊ भाग पाणी पितो. यंत्रं भंगारात जातात, खोल्या पाडून सगळीकडे पांढरे आडोसे येतात. याउलट, लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात हेर्झॉग आणि द म्यूरॉन या वास्तुरचनाकारांनी जुन्या वीजकेंद्राचा 155 मीटर लांब आणि 35 मीटर उंच टर्बाइन हॉल जवळजवळ मोकळा सोडला. आज याच हॉलसाठी कलाकार खास कलाकृती घडवतात.

उजेड आणि आवाज

वरून सरळ ऊन येत असेल तर कागदावरची चित्रं आणि कापड तिथे लावू नका. अशा नाजूक कामांसाठी साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात. उन्हाच्या जागी शिल्पं ठेवा. रिकाम्या दालनात टाळी वाजवून पाहा. आवाज घुमत राहिला तर भाषणातलं अक्षर कळणार नाही. छताखाली जाड कापडाचे किंवा लोकरीचे पट्टे टांगले की बराच फरक पडतो.

आधीच्या माणसांना वगळणं

ब्राझीलमधल्या साओ पाउलोत पिंपांचा जुना कारखाना पाहायला वास्तुरचनाकार लीना बो बार्दी गेल्या, तेव्हा मुलं तिथे खेळत होती, कुटुंबं जमत होती. हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं, आणि 1982 मध्ये सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक केंद्र त्याच कारखान्यात सुरू झालं. तुमच्या जागेतही कुणीतरी वावरत असेलच. आराखडा पक्का होण्याआधी त्यांना बोलवा आणि त्यांच्या गरजा नकाशावर मांडून घ्या. कलाकारांशी भाडेकरारही लांब मुदतीचा, भाडेवाढीची मर्यादा लिहिलेला करा. नाहीतर परिसर नावारूपाला येताच सर्वांत आधी तेच बाहेर पडतात.